डबल कॉलम, फोटोसह

३ मार्च २०२५, सोमवार. रात्रीची भांडी आवरून ओटा पुसत होते तेवढ्यात डेस्कवरच्या एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. "ताई, पॅडी गेले." तो पुढे बरंच काही बोलत होता, पण माझ्या डोक्यात ओळी जुळायला लागल्या होत्या. 'मुंबईचे ज्येष्ठ डावखुरे फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर यांचे सोमवारी निधन झाले. ते ८४ वर्षांचे होते.' निवृत्त होऊन सात वर्षं झाली, पण खोड जात नाही. हातात ओला फडका, आणि मी विचार करतेय की चौकटीत आकडे कोणते घ्यायचे.

एका मराठी दैनिकात मी २८ वर्षं उपसंपादक होते. त्यातली वीसेक रात्रपाळीत गेली. शेवटची कर्जत पकडून डोंबिवलीला उतरायचं, रिक्षा मिळाली तर नशीब. संध्याकाळनंतर कुणी गेलं की बातमी बहुधा माझ्या टेबलावर यायची. का, ते कुणी ठरवलं नव्हतं. पहिल्यांदा कुणाची तरी नीट लिहिली असेन, मग ते माझ्याच माथी बसलं. माझ्या कपाटाचा खालचा खण तयार मजकुरासाठी होता. आजारी नामवंतांची माहिती, जन्मसाल, पुरस्कार, दोन फोटो. त्या खणाला आम्ही 'वेटिंग लिस्ट' म्हणायचो. वाईट वाटतं ऐकायला, पण रात्री पावणेबाराला डाक आवृत्ती (बाहेरगावी जाणारी) सुटलेली असताना इस्पितळातून फोन आला की तो खणच कामाला यायचा. त्यातली काही माणसं ठणठणीत बरी झाली आणि मजकूर लिहिणाराच आधी गेला, असंही झालंय.

आमच्या मुख्य उपसंपादकांचा नियम साधा होता. पहिल्या वाक्यात कोण, कधी, कुठे. दुसऱ्यात वय. शेवटी 'त्यांच्या पश्चात'. मधे काय घालायचं ते घाला, जागा असेल तर. 'कधीही भरून न येणारी पोकळी' या शब्दांवर त्यांनी एकदा बंदी घातली होती. आठवडाभर टिकली. मग एक मंत्रिमहोदय श्रद्धांजली वाहताना नेमके तेच बोलले आणि अवतरण चिन्हात पोकळी परत आली. माझ्या हातून महाराष्ट्रात इतक्या पोकळ्या पडल्या आहेत की आता सगळा प्रदेश चाळणीसारखा दिसायला हवा होता.

खरी अडचण पहिल्या वाक्याची. 'ज्येष्ठ' आणि नाव यांच्या मधे एक विशेषण बसवायचं असतं, आणि त्या विशेषणात माणूस कोंबायचा असतो. शिवलकरांच्या बाबतीत ते सगळ्यांनी आधीच ठरवून ठेवलेलं होतं. दुसऱ्या दिवशी मी घरी येणारा आमचा पेपर पाहिला, मोबाइलवर आणखी तीन-चार पाहिले. 'भारताकडून एकही कसोटी न खेळलेले'. 'दुर्दैवी'. 'बेदींच्या सावलीत राहिलेले'.

मला हसायचा अधिकार नाही, कारण हेच वाक्य मी स्वतः लिहिलं होतं. २०१७ च्या मार्चमध्ये बीसीसीआयनं शिवलकरांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला, हरियाणाच्या राजिंदर गोयल यांच्याबरोबर. गोयलही डावखुरे फिरकी गोलंदाज, त्यांनाही कसोटी नाही. मी इंट्रो, म्हणजे बातमीची सुरुवात, लिहिली: 'गुणवत्ता असूनही एकही कसोटी सामना खेळण्याची संधी न मिळालेले...' चांगली जमली असं वाटलं. सकाळी घरी बाबांनी पेपर वाचला. तेव्हा ते ८८ वर्षांचे होते, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा राहिलेला. पेपर नाकाला लावून वाचायचे. वाचून झाल्यावर म्हणाले, "त्यानं काय नाही केलं ते कळलं. काय केलं ते खाली शोधायला लागलं."

मी चहा गाळत होते. काही बोलले नाही.

बाबा रेल्वेत क्लार्क. आम्ही दादरला गोखले रोडच्या एका चाळीत राहायचो. रविवारी सकाळी बाबा शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर. भावाला क्रिकेट बघायचा कंटाळा, तो गल्लीत खेळायला पळायचा, म्हणून मला न्यायचे. मी आठ-नऊ वर्षांची. चण्याची पुडी माझी, स्कोअर लक्षात ठेवायचं काम माझं. कांगा लीग पावसात खेळतात, हे मुंबईबाहेरच्यांना सांगितलं तर खरं वाटत नाही. १९४८ पासून हे चालू आहे. गवत घोट्याच्या वर, खेळपट्टी ओली, मधेच सर आली की सगळे तंबूत, सर ओसरली की परत मैदानात. चेंडू सीमारेषेपर्यंत पोचवायला ताकद लागते, कारण गवतातच थबकतो. अशा विकेटवर शिवलकर.

बाबा म्हणायचे, हात बघ, चेंडू बघू नकोस. मला तर चेंडू दिसायचाच नाही तितक्या लांबून. हात दिसायचा. चार पावलं, आणि खांदा दर वेळी त्याच जागी. एकसारखा, घड्याळातल्या काट्यासारखा. फलंदाजाचं मात्र दर वेळी वेगळं. एकदा पुढे येऊन खेळायचा, एकदा पुढे येऊन थांबायचा, एकदा अर्धा आल्यावर त्याला कळायचं की चेंडू अजून यायचाय. ते 'अजून यायचाय' मला आठव्या वर्षी कट्ट्यावरून दिसायचं. पाय पुढे पडलेला, बॅट खाली येतेय, आणि सगळं लवकर झालेलं. मग मागे यष्टिरक्षक, आणि बाबांचा हात माझ्या गुडघ्यावर. "गेला."

पुढे डेस्कवर क्रीडा पानाच्या मुलांकडून मी शब्द शिकले. फ्लाइट, लूप, टप्पा. त्यांनी समजावलं की खरी किमया वेग बदलण्यात होती आणि तो बदल हातात दिसू न देण्यात होती. म्हणजे बाबा जे म्हणायचे तेच. हात बघ.

१९७३ साली रणजीची अंतिम लढत चेन्नईत, चेपॉकवर होती. तेव्हा मी तेराची व्हायची होते. समोर तमिळनाडू, वेंकटराघवन कप्तान, विकेट त्यांच्या फिरकीला साजेशी. मुंबई १५१. एवढ्यावर सामना गेला असं कुणालाही वाटावं. तमिळनाडू ८०, शिवलकर १६ धावांत ८. मग मुंबई ११३. तमिळनाडू ६१. शिवलकर १८ धावांत ५, उरलेले पाच एकनाथ सोलकरांनी काढले. तिसऱ्या दिवशीच्या पहिल्या चेंडूवर सामना संपला. ३४ धावांत १३ बळी, अंतिम सामन्यात, परक्या मैदानावर. मुंबईचं ते ओळीनं पंधरावं विजेतेपद होतं.

बाबांनी त्या दिवशी पेपर तीनदा वाचला. मग कातरी मागितली. आईनं दिली नाही, कारण त्याच पानाच्या मागच्या बाजूला तिच्या कोड्याची उत्तरं होती.

तर मला आज पहिलं वाक्य लिहायला दिलं तर मी ३४ धावांत १३ बळींचं लिहीन. किंवा हे लिहीन की १९८७-८८ च्या मोसमात, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, निवृत्तीनंतर कित्येक वर्षांनी, मुंबईनं त्यांना पुन्हा बोलावलं आणि ते खेळले. १२४ प्रथम श्रेणी सामने, ५८९ बळी, सरासरी १९.६९. हे चौकटीत. बेदींचं नाव तिसऱ्या परिच्छेदात. ते यायलाच हवं, कारण खरं आहे. डावखुऱ्या फिरकीची एक जागा आणि त्या जागेवर बिशनसिंग बेदी, ६७ कसोटी, २६६ बळी. बेदींचाही यात काही गुन्हा नाही. पण ही शिवलकरांची ओळख कशी? ती निवड समितीच्या अडचणीची गोष्ट झाली.

आता माझ्याच म्हणण्याला आडवी जाणारी गोष्ट सांगते, कारण लपवली तर बाबा वरून बघतील. शिवलकर गायचे. आणि त्यांच्या आत्मचरित्राचं नाव आहे 'हा चेंडू दैवगतीचा'. म्हणजे त्यांनी स्वतःच दैव मुखपृष्ठावर घातलं. मग मी कोण आक्षेप घेणारी? यावर मी बराच विचार केला. माणसानं स्वतःच्या आयुष्याबद्दल दैव म्हणणं आणि त्याच्या मृत्यूच्या बातमीत दुसऱ्यानं म्हणणं यात मला फरक वाटतो. का वाटतो ते नीट मांडता येत नाही. त्यानं म्हटलं तर गाणं होतं, आपण म्हटलं तर कीव होते, असं काहीतरी.

४ मार्चला दुबईत चॅम्पियन्स ट्रॉफीचा उपांत्य सामना होता, ऑस्ट्रेलियाविरुद्ध. मी भावाकडे ठाण्याला गेले होते. भाचा सोफ्यावर आडवा. भारताचा संघ मैदानात उतरला आणि दंडाला काळ्या फिती.

"आत्या, फीत कुणासाठी?"

सांगितलं.

"इंडियाकडून खेळलेले?"

"नाही."

तो उठून बसला. त्याला खरंच कळेना. मग त्याला ३४ धावांत १३ सांगितलं. "कुठल्या फॉरमॅटमध्ये?" म्हणाला. मला राग आला नाही. त्याच्या जगात हा प्रश्न बरोबर आहे. रोहित शर्मा, विराट कोहली, सगळे ती फीत बांधून तो सामना खेळले आणि जिंकले. कोहलीच्या ८४ धावा. शिवलकरांचं वयही ८४. या योगायोगाला काही अर्थ नाही, पण डेस्कवर असते तर कुणीतरी त्याचा मथळा केला असता आणि मी तो काढायला लावला असता.

त्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी मिलिंद रेगे गेले होते. १९ फेब्रुवारीला. मुंबईचा संघ तेव्हा नागपूरला विदर्भाविरुद्ध रणजीचा उपांत्य सामना खेळत होता, त्यांनीही फिती बांधल्या. रेग्यांचं पहिलं वाक्य सगळीकडे एकच होतं: सचिनला मुंबईच्या संघात निवडणारे. बरोबर आहे, निवडलं होतं. पण २६ व्या वर्षी हृदयविकाराचा झटका येऊन हा माणूस परत मुंबईकडून खेळायला उतरला, ७० च्या दशकात. ते चौथ्या परिच्छेदात. जागा असेल तर.

गेल्या दोन वर्षांत मी मनातल्या मनात असे किती इंट्रो दुरुस्त केले याची मोजदाद नाही. अभिनेते अच्युत पोतदार १८ ऑगस्ट २०२५ ला गेले, ९० वर्षांचे. अर्ध्या तासात माझ्या मोबाइलवर अकरा ग्रुपवर एकच चित्र आलं, 'कहना क्या चाहते हो'. 'थ्री इडियट्स'मधलं त्यांचं वाक्य. त्या सिनेमात ते प्राध्यापक. गंमत म्हणजे ते खरोखरच रीव्याला प्राध्यापक होते. मग लष्करात, कॅप्टन म्हणून बाहेर पडले. मग पंचवीस वर्षं इंडियन ऑइलमध्ये नोकरी, आणि चाळिशी उलटल्यावर कॅमेऱ्यासमोर. तीन आयुष्यं झाली ही, अभिनयाचं चौथं. आणि उरलं काय, तर चार शब्द. अर्थात चार शब्द तरी उरले. किती नटांचा एकही उरत नाही.

प्रभाताई अत्र्यांची बातमी १३ जानेवारी २०२४ ची, शनिवारची. 'स्वरयोगिनी' हा शब्द सगळीकडे. मला हा शब्द आवडत नाही. बाई संन्यास घेऊन डोंगरावर बसल्या होत्या असं वाटतं. त्यांनी विज्ञानाची पदवी घेतली, कायद्याची घेतली, आकाशवाणीत नोकरी केली, एसएनडीटीत संगीत विभाग चालवला. सरगम घेते म्हणून लोक नावं ठेवतात म्हटल्यावर त्यांनी सरगमवर डॉक्टरेटच केली. योगिनी कसल्या, कायदा शिकलेल्या होत्या. आणि ज्या दिवशी गेल्या त्या दिवशी मुंबईत त्यांचा कार्यक्रम होता. ९१ वर्षांच्या. मी असते तर पहिलं वाक्य एवढंच: आज त्यांचं गाणं होतं. डेस्कवर अशा वेळी एक वेगळीच धावपळ असते. कार्यक्रमाची जाहिरात आतल्या पानावर आधीच बसलेली असू शकते. बातमी लिहायच्या आधी जाहिरात विभागाला फोन करावा लागतो. तो फोन मी दोनदा केलाय, वेगवेगळ्या माणसांसाठी. पलीकडचा आधी विचारतो, "पैसे परत द्यायचे का?" त्याचंही ते कामच.

आणि अतुल परचुरे. १४ ऑक्टोबर २०२४. ५७ हे काय वय आहे? 'हरहुन्नरी' हे विशेषण सगळ्यांनी लावलं. बहुतेकांनी दुसऱ्या वाक्यात पु. ल. आणले, खुद्द पु. ल. हयात असताना त्यांची भूमिका रंगमंचावर करणारा नट म्हणून. ते मोठंच काम, त्यात वाद नाही. पण माझ्यासाठी परचुरे म्हणजे 'नातीगोती'मधला बच्चू. जयवंत दळवींचं नाटक. मतिमंद मुलगा, थकलेले आईबाप. मी ते शिवाजी मंदिरला पाहिलं तेव्हा चाळीतल्या एक मावशी आमच्याबरोबर होत्या. त्यांचा धाकटा मुलगा तसाच होता. त्यांना तिकीट काढून न्यावं की नाही यावर घरात वाद झाला होता. आई म्हणाली, नको, रडतील. बाबा म्हणाले, त्यांना विचारा तरी.

मावशी रडल्या नाहीत. बाकीचं थिएटर रडत होतं, मी रडत होते. मावशी पुढे वाकून नुसत्या बघत होत्या. मध्यंतरात वडा घ्यायला उठल्या नाहीत. परत येताना रानडे रोडवर एवढंच म्हणाल्या, "त्या पोरानं हात कुठं ठेवायचा ते बरोबर ठेवलं हो." मग थोडं चालून, "कुणाच्या तरी घरी जाऊन बसला असणार."

तो नट तेव्हा विशीत होता. परचुरे गेल्याची बातमी टीव्हीवर लागली तेव्हा मला पु. ल. आठवले नाहीत, कपिल शर्माचा शो तर नाहीच. रानडे रोड आठवला. मावशी १९९९ साली गेल्या, त्यांचा मुलगा त्यांच्या आधी दोन वर्षं. नाहीतर मी फोन केला असता.

हे सगळं मी कुणाला दोष द्यायला लिहीत नाही. रात्री साडेअकराला ते वाक्य सुचायला लागतं, आणि जे पटकन सुचतं ते आधी कुणीतरी लिहिलेलंच असतं. माझं स्वतःचं सांगते. एका रात्री एका रंगभूषाकाराची बातमी आली. नाव सांगत नाही. चाळीस वर्षं नाटकांना रंगभूषा केलेला माणूस. मी शीटवर लिहिलं 'डबल कॉलम, फोटोसह'. साडेबाराला जाहिरात वाढली. पान लावणारा म्हणाला, ताई, सिंगल करू? मी म्हटलं कर. फोटो गेला, शेवटचे दोन परिच्छेद गेले, उरल्या सात ओळी. शिल्लक राहिलेल्या सात ओळींत दोन ओळी त्यांनी कोणकोणत्या मोठ्या नटांना रंगवलं त्यांच्या नावांच्या होत्या.

तीन दिवसांनी त्यांची मुलगी ऑफिसात आली. भांडायला आली असेल असं वाटलं म्हणून वॉचमननं मला खाली बोलावलं. ती भांडली नाही. हातात कात्रण होतं. म्हणाली, "फोटो मिळाला नव्हता का तुम्हाला? मी स्वतः आणून दिला होता." मी म्हटलं, तांत्रिक अडचण. ती "बरं" म्हणाली. फोटो परत मागितला. तो मी तासभर शोधला, सापडला नाही.

बाबा २०१९ च्या जुलैमध्ये गेले, नव्वदीचे होऊन. सकाळी, झोपेत. मी तोवर निवृत्त झाले होते. भाऊ म्हणाला, छोटी जाहिरात देऊ, जुने रेल्वेतले लोक वाचतात अजून. तुझा हात बसलाय, तूच लिही. २८ वर्षं दुसऱ्यांच्या माणसांची पहिली वाक्यं लिहिली होती. कागद घेऊन बसले तर 'श्री.' पुढे हलेना. शेवटी जे आलं ते लिहिलं आणि घराजवळच्या जाहिरात एजंटकडे गेले.

मुलगा विशीतला होता. त्यानं कीबोर्डवर टाइप केलं, मोजलं, मान हलवली. "मॅडम, हे बसत नाही. तुमच्या पॅकेजमध्ये चार ओळी. पुढे ओळीला वेगळे पैसे. आणि हे 'दर रविवारी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर' हे काय आहे? पत्ता आहे का?"

"नाही. राहू दे ते."

"मग दुसरं काहीतरी काढायला लागेल."

मी कागद परत घेतला, त्याच्याकडचं पेन घेतलं आणि 'दुःखद निधन झाले' मधलं 'दुःखद' खोडलं. तरी एक शब्द जास्त होत होता. मग 'कै.' खोडलं.